पोस्टग्रेसच्या ३२ प्रोसेसची आरएसएस मिळून ९६ जीबी, मशीन मात्र १६ जीबीचे: कर्नल सामाईक मेमरी मोजतो तरी कशी?

खाडीकाठ (रत्नागिरी) यांचा प्रश्न

नमस्कार.

रत्नागिरी तालुक्यातील आंबा बागायतदारांच्या एका संस्थेचे संगणकाचे काम मी पाहतो. पेट्यांची आवक, प्रतवारी, वाशीला जाणाऱ्या गाड्यांची चलने आणि बागायतदारांच्या हिशेबपट्ट्या हे सर्व एकाच सर्व्हरवर चालते. मशीन १६ जीबीचे आहे, त्यावर लिनक्स आणि डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस. पोस्टग्रेसच्या शेअर्ड बफर्सना (सर्व प्रोसेसनी मिळून वापरायची सामाईक मेमरी) मी ४ जीबी दिलेले आहेत.

मेमरीवर लक्ष ठेवण्यासाठी मी दोन वर्षांपूर्वी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. ती दर पाच मिनिटांनी पीएस कमांड चालवून पोस्टग्रेसच्या सर्व प्रोसेसच्या आरएसएसची (प्रोसेसची रॅममधली मेमरी दाखवणारा आकडा) बेरीज करते आणि ती १४ जीबीच्या वर गेली की डेटाबेस रीस्टार्ट करते. पावसाळ्यात आणि थंडीत कनेक्शन मोजकी असतात, त्यामुळे बेरीज कधी सात-आठ जीबीच्या पुढे गेली नाही आणि स्क्रिप्टमध्ये काही चूक असेल अशी शंकाही आली नाही. या एप्रिलमध्ये मात्र आवक वाढली, संकलन केंद्रांवरची कनेक्शन वाढली, आणि एकाच संध्याकाळी गाड्या भरत असताना स्क्रिप्टने डेटाबेस तीन वेळा रीस्टार्ट केला. प्रत्येक रीस्टार्टनंतर बफर रिकामे झाल्यामुळे पुढची दहा-पंधरा मिनिटे साधे चलन निघायलाही वेळ लागत होता. भरलेल्या गाड्या फाटकात उभ्या, चालक खोळंबलेले आणि आंबा पिकत चाललेला, हे सर्व माझ्या स्क्रिप्टमुळे झाले याचे मला फार वाईट वाटते.

त्या रात्री मी स्क्रिप्ट बंद केली आणि नुसते निरीक्षण केले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ३२ प्रोसेसच्या आरएसएसची बेरीज ९६ जीबीपर्यंत पोहोचली, तरीही मशीन व्यवस्थित चालू होते आणि स्वॅप (रॅम अपुरी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) जवळजवळ वापरलेलाच नव्हता. एका प्रोसेसच्या स्टेटस फाइलमधले (कर्नल प्रत्येक प्रोसेसची माहिती देतो ती फाइल) आकडे असे आहेत: एकूण आरएसएस ३,२१२ एमबी, त्यात आरएसएस-अ‍ॅनॉन (प्रोसेसची स्वतःची मेमरी) २२, आरएसएस-फाइल (फाइलमधून आलेली) १८ आणि आरएसएस-शेमेम (सामाईक) ३,१७२ एमबी. सकाळी कनेक्शन उघडले तेव्हा हीच प्रोसेस ४० एमबीचीही नव्हती. आयपीसीएस कमांडने सामाईक मेमरीची यादी काढली, तर तिथे पोस्टग्रेसच्या नावावर केवळ ५६ बाइटचा एक तुकडा दिसतो.

यांतला खरा आकडा कोणता मानायचा? दिवसभर आरएसएस वाढत जाते, ही मेमरीची गळती आहे का? आणि ५६ बाइट जर खरे असतील, तर माझे ४ जीबी आहेत कुठे?

सुरंगी (कुडाळ) यांचे उत्तर

खाडीकाठ यांस नमस्कार. आपण दिलेला प्रत्येक आकडा खरा आहे. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि त्यांपैकी आरएसएस हा आकडा बेरजेसाठी केलेलाच नाही.

आपल्याकडच्या सामाईक सातबाऱ्यावरून हे चटकन लक्षात येईल. एखाद्या गटाच्या उताऱ्यावर वीस-बावीस सहहिस्सेदारांची नावे एकाखाली एक असतात आणि क्षेत्र मात्र एकच असते. प्रत्येक हिस्सेदाराला विचारले की तुमचे नाव किती क्षेत्राला लागले आहे, तर प्रत्येक जण संपूर्ण गटाचे क्षेत्र सांगेल आणि त्यात खोटे काही नसेल. पण या सर्व उत्तरांची बेरीज केली, तर एका वाडीची जमीन गावापेक्षा मोठी होईल. आरएसएस हे असेच उत्तर आहे: या प्रोसेसच्या पेज टेबलमधून (तिला जोडलेल्या मेमरीची नोंदवही) आत्ता रॅममधली किती पेजेस, म्हणजे मेमरीचे ४ केबीचे तुकडे, जोडलेली आहेत, एवढेच ती सांगते. तेच पेज आणखी एकतीस प्रोसेसना जोडलेले असले, तर ते बत्तीस वेळा मोजले जाते.

दिवसभर आकडा वाढतो ती गळती नव्हे. पोस्टग्रेसची प्रत्येक प्रोसेस मुख्य प्रोसेसपासून फोर्क होते, म्हणजे तिची प्रत म्हणून सुरू होते, आणि शेअर्ड बफर्सचा ४ जीबीचा पट्टा तिला वारसाहक्काने मिळतो, पण मिळाल्या मिळाल्या तिच्या पेज टेबलमध्ये त्यातले एकही पेज नोंदलेले नसते. एखाद्या बफरला ती पहिल्यांदा हात लावते तेव्हा पेज फॉल्ट होतो, कर्नल आधीपासूनच रॅममध्ये असलेले ते पेज तिच्या टेबलमध्ये नोंदवतो आणि तिची आरएसएस ४ केबीने वाढते. रॅममध्ये नवीन काहीच खर्च झालेले नसते. कनेक्शन जितका वेळ उघडे राहील आणि जितके वेगवेगळे तक्ते वाचील, तितकी तिची आरएसएस शेअर्ड बफर्सच्या आकाराकडे सरकत जाते आणि त्याच्या आसपास येऊन थांबते. गळती पाहायची असेल तर आरएसएस-अ‍ॅनॉनवर लक्ष ठेवा. आपल्या प्रोसेसमध्ये ते २२ एमबी आहे आणि पोस्टग्रेसच्या प्रोसेससाठी तो सामान्य आकडा आहे. आरएसएसची ही तीन भागांतली फोड स्टेटस फाइलमध्ये कर्नल ४.५ पासून, म्हणजे २०१६ पासून मिळते. त्यापूर्वीचे कर्नल हा भेद दाखवत नसत.

५६ बाइटचे कोडे तर सोपे आहे. आयपीसीएस फक्त सिस्टम फाइव्ह पद्धतीची सामाईक मेमरी दाखवते. पोस्टग्रेस ९.३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१३ पासून, मोठा पट्टा एममॅप या दुसऱ्या पद्धतीने घेते आणि सिस्टम फाइव्हचा एक चिमुकला तुकडा फक्त एकाच डेटा फोल्डरवर दोन सर्व्हर चालू होऊ नयेत या राखणीसाठी ठेवते. आपले ४ जीबी पाहायचे असतील तर त्या प्रोसेसची स्मॅप्स फाइल (तिच्या मेमरीच्या प्रत्येक भागाचा तपशील) उघडा. तिथे /डेव्ह/झीरो अशा नावाची आणि पुढे डिलीटेड अशी खूण असलेली एक भली मोठी नोंद दिसेल. खरोखर कोणी फाइल पुसलेली नाही. नाव नसलेल्या सामाईक पट्ट्याला कर्नल आतून असेच नाव देतो.

बेरीज करायचीच असेल तर पीएसएस घ्या. सातबाऱ्यावरची आणेवारी म्हणतात तसे हे माप आहे. प्रत्येक पेज ज्या ज्या प्रोसेसना जोडलेले असते त्या संख्येने कर्नल त्या पेजचा आकार भागतो आणि येणारा हिस्सा प्रत्येकीच्या खात्यावर टाकतो. ४,०९६ बाइटचे पेज ३२ प्रोसेसमध्ये असेल तर प्रत्येकीच्या वाट्याला १२८ बाइट येतात. भागाकार नेमका जात नसेल, तर अपूर्णांक हरवू नये म्हणून कर्नल जमाखर्चात १२ बिट जास्तीचे धरतो, म्हणजे बाइटच्याही चार हजाराव्या भागापर्यंत हिशेब ठेवतो. हे माप कर्नल २.६.२५ पासून, २००८ पासून, स्मॅप्समध्ये आहे. कर्नल ४.१४ पासून स्मॅप्स-रोलअप नावाची वेगळी फाइल आली आणि तिच्यात संपूर्ण प्रोसेसची बेरीज एका जागी मिळते. दुसऱ्या वापरकर्त्याच्या प्रोसेसचे आकडे वाचायला रूटचे अधिकार लागतील.

बंदरवाट (मालवण) यांचे उत्तर

सुरंगी यांचे विवेचन उत्तम आहे. त्यात एका गोष्टीची भर घालणे मला आवश्यक वाटते, कारण याच ठिकाणी मी स्वतः कित्येक महिने चुकत होतो. 'शेअर्ड' हा एकच शब्द कर्नल दोन पूर्णपणे वेगळ्या अर्थांनी वापरतो, आणि कोणत्या फाइलमध्ये कोणता अर्थ आहे हे आकड्याच्या शेजारी कुठेही लिहिलेले नसते.

टॉप या कमांडमधला एसएचआर हा रकाना घ्या. तो प्रोसेसच्या स्टॅटएम फाइलमधून येतो आणि त्याचा अर्थ आरएसएस-फाइल अधिक आरएसएस-शेमेम एवढाच आहे. म्हणजे पेज कोणत्या जातीचे आहे ते तो सांगतो, किती जण ते वापरत आहेत ते सांगत नाही. एखादी लायब्ररी साऱ्या मशीनवर एकच प्रोसेस वापरत असली, तरी तिची पेजेस एसएचआरमध्ये मोजली जातात. याउलट फोर्क झाल्यानंतर आई-लेकरांमध्ये कॉपी-ऑन-राइटने (कोणी बदल करेपर्यंत एकच प्रत) प्रत्यक्षात वाटून घेतलेली अ‍ॅनॉनिमस पेजेस एसएचआरमध्ये कधीच येत नाहीत. कर्नल २.४ च्या काळात हा आकडा काढताना प्रत्येक पेज किती ठिकाणी वापरात आहे हे पेज टेबल चालून खरोखर तपासले जाई. ते फार खर्चिक पडत असल्याने २.६ मध्ये त्याच्या जागी तयार काउंटर आले. नाव तेच राहिले आणि अर्थ बदलला.

स्मॅप्समधल्या शेअर्ड-क्लीन आणि शेअर्ड-डर्टी या ओळींचा अर्थ याच्या उलट आहे. तिथे कर्नल पेजची जात पाहत नाही, ते आत्ता किती पेज टेबलांत जोडलेले आहे ते पाहतो. दोन किंवा अधिक असतील तर शेअर्ड, एकच असेल तर प्रायव्हेट. यातून विचित्र वाटणारी पण खरी अवस्था निर्माण होते. खाडीकाठ यांच्या ४ जीबीच्या पट्ट्यातला एखादा बफर आजपर्यंत फक्त एकाच प्रोसेसने उघडलेला असेल, तर तेच पेज टॉपमध्ये शेअर्ड म्हणून मोजले जाते आणि स्मॅप्समध्ये प्रायव्हेट म्हणून.

याचा त्रास यूएसएस वापरताना होतो. यूएसएस म्हणजे स्मॅप्समधल्या प्रायव्हेट ओळींची बेरीज, आणि ही प्रोसेस बंद केली तर एवढी मेमरी मोकळी होईल असा तिचा अर्थ बहुतेक ठिकाणी दिला जातो. साध्या अ‍ॅनॉनिमस मेमरीपुरता तो बरोबरही आहे. सामाईक पट्ट्याला तो लागू पडत नाही. प्रोसेस गेली तरी पट्टा जिवंत असतो, कारण इतर प्रोसेसनी तो धरून ठेवलेला असतो. सिस्टम फाइव्हचा तुकडा तर कोणीही जोडलेले नसतानाही, तो मुद्दाम काढून टाकेपर्यंत रॅम अडवून बसतो. /डेव्ह/एसएचएम मधल्या फाइलचेही तसेच आहे: ती पुसेपर्यंत आणि शेवटचा वापरणारा सोडेपर्यंत तिची पेजेस राहतात. अशी बेवारस मेमरी कोणत्याही प्रोसेसच्या आरएसएसमध्ये, पीएसएसमध्ये किंवा यूएसएसमध्ये सापडत नाही. ती मेमइन्फोमधल्या (साऱ्या मशीनच्या मेमरीची फाइल) शेमेम या ओळीत दिसते. म्हणून सामाईक मेमरीचा हिशेब प्रोसेसच्या बाजूने पूर्ण होत नाही, तो शेवटी शेमेमशी ताडून पाहावा लागतो.

आणेवारीच्या उपमेतच आणखी एक गोष्ट सांगतो. एखाद्या हिस्सेदाराने हक्कसोड करून दिले की बाकीच्यांचा हिस्सा, त्यांनी काही न करता वाढतो. पीएसएसचेही हेच होते. संध्याकाळी वीस कनेक्शन बंद झाली की उरलेल्या बारा प्रोसेसची पीएसएस एकदम चढते, आणि त्यांनी नव्याने एक बाइटही घेतलेला नसतो. त्यामुळे एकट्या प्रोसेसच्या पीएसएसचा आलेख काढून त्यावर इशारा लावू नये.

खाडीकाठ (रत्नागिरी)

दोघांचेही मनापासून आभार. काल दुपारी गाड्या निघून गेल्यावर रूट होऊन सर्व ३२ प्रोसेसच्या स्मॅप्स-रोलअप फाइल वाचल्या. ज्या प्रोसेसची आरएसएस ३,२१२ एमबी होती, तिची पीएसएस १५२ एमबी निघाली. त्यातला शेमेमचा हिस्सा १३२, अ‍ॅनॉनचा १९ आणि फाइलचा सुमारे १. म्हणजे तिच्या पट्ट्यातले सरासरी पेज साधारण २४ प्रोसेसमध्ये जोडलेले असावे. ३२ प्रोसेसच्या पीएसएसची एकूण बेरीज ४.७ जीबी आली, आणि मेमइन्फोमध्ये शेमेम ४.२ जीबी आहे. ९६ आणि ४.७ हे दोन आकडे एकाखाली एक लिहून मी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिलो.

दोन शंका उरल्या आहेत. फ्री कमांडमध्ये 'यूज्ड' रकान्यात फक्त २ जीबीच्या आसपास दिसते. ४ जीबीचा पट्टा त्यात का नाही? आणि इशारा देणारी स्क्रिप्ट नव्याने लिहायची तर ती कशावर बेतावी?

दीपस्तंभ (अलिबाग) यांचे उत्तर

पहिल्या शंकेचे उत्तर असे की सामाईक मेमरी कर्नलच्या आत टीएमपीएफएस या, मेमरीतच राहणाऱ्या, फाइलसिस्टमच्या रूपाने राहते आणि म्हणून तिची पेजेस मेमइन्फोमध्ये कॅश्ड या सदरात मोजली जातात. फ्रीच्या जुन्या आवृत्त्या एकूणातून मोकळी मेमरी, बफर आणि कॅश वजा करून 'यूज्ड' काढत असत, त्यामुळे आपला पट्टा कॅशच्या रकान्यात जातो. नव्या आवृत्त्यांत 'यूज्ड' हे एकूण वजा उपलब्ध असे काढले जाते आणि तिथे तो वापरात धरला जातो. कॅश म्हणजे हवी तेव्हा सोडून देता येणारी मेमरी असे मानून चालणाऱ्याची इथे फसगत होते. फाइलची कॅश डिस्कवर मूळ प्रत असल्याने टाकून देता येते. सामाईक पट्ट्याची मूळ प्रत कुठेच नसते. ती रॅममध्ये राहील किंवा स्वॅपमध्ये जाईल, तिसरी जागा नाही.

इशाऱ्यासाठी मेमइन्फोमधली मेमअ‍ॅव्हेलेबल ही ओळ वापरा. कर्नल ३.१४ पासून ती आहे, आणि सामाईक पट्टा ती उपलब्ध धरत नाही. ती वाचायला क्षणही लागत नाही. पीएसएस मात्र दर पाच मिनिटांनी वाचू नका. ती आकडेवारी कुठे साठवलेली नसते. आपण फाइल वाचतो तेव्हा कर्नल त्या प्रोसेसचे संपूर्ण पेज टेबल चालून जातो, आणि तीन-तीन जीबीची ३२ टेबले गर्दीच्या वेळी चालणे परवडणारे नाही. शंका आली की हाताने वाचावी. आणि मी आग्रहाने सांगेन की स्क्रिप्टने फक्त कळवावे, डेटाबेस रीस्टार्ट करू नये.

मेमरी खरोखर संपली, तर काय होईल याचाही विचार करून ठेवा. ओओएम किलर (मेमरी संपल्यावर एखादी प्रोसेस मारणारा कर्नलचा भाग) बळी निवडताना आरएसएस, स्वॅप आणि पेज टेबल यांची बेरीज पाहतो, पीएसएस पाहत नाही. म्हणजे आपण ज्या मापाने फसलो त्याच मापाने तोही निवड करतो, आणि ३,२१२ एमबीची प्रोसेस त्याला सर्वांत जड वाटते. ती मारून प्रत्यक्षात वीसेक एमबी सुटतात. पण पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी अचानक मारली गेली की सामाईक पट्टा बिघडला असू शकतो म्हणून मुख्य प्रोसेस इतर सर्व कनेक्शन तोडते आणि नव्याने सुरुवात करते. मुख्य प्रोसेसचा ओओएम-स्कोअर-अ‍ॅडजस्ट उणे १००० ठेवावा (म्हणजे ओओएम किलर तिला मारत नाही), ही पोस्टग्रेसच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतलीच सूचना आहे.

आता एक खर्च असा सांगतो, जो आरएसएस, पीएसएस आणि यूएसएस या तिन्हींमध्ये येत नाही, पण तो खरा आहे. पट्टा सामाईक असला तरी पेज टेबल प्रत्येक प्रोसेसचे स्वतंत्र असते. ३,१७२ एमबी म्हणजे ४ केबीची ८,१२,०३२ पेजेस. प्रत्येकाची नोंद ८ बाइटची, म्हणजे एका प्रोसेसला सुमारे ६.२ एमबी आणि ३२ प्रोसेसना मिळून दोनशे एमबीच्या आसपास. स्टेटस फाइलमधल्या व्हीएम-पीटीई आणि मेमइन्फोमधल्या पेजटेबल्स या ओळींत आपल्याला हे आकडे दिसतील. आज १६ जीबीमध्ये दोनशे एमबी चालून जातात. पुढच्या हंगामात कनेक्शन शंभरावर गेली आणि शेअर्ड बफर्स आपण ८ जीबी केले, तर मात्र नुसत्या नोंदवह्यांनाच एक-दीड जीबी लागेल.

त्यावर उपाय ह्यूज पेजेस. २ एमबीचे एक पेज ४ केबीच्या ५१२ पेजेसच्या जागी येते, त्यामुळे पेज टेबल नगण्य होते. पोस्टग्रेस १५ पासून नेमकी किती ह्यूज पेजेस लागतील हे सर्व्हर बंद असताना पोस्टग्रेसलाच विचारता येते. ४ जीबी बफर्सना २,०४८ आणि वर थोडी अशी ती संख्या येईल. ह्यूज-पेजेस हा पर्याय मूळचा 'ट्राय' असतो. तो 'ऑन' करा, म्हणजे पुरेशी पेजेस नसतील तर सर्व्हर सुरू होणार नाही आणि ते लगेच समजेल. 'ट्राय'वर तो गुपचूप ४ केबीवर परत जातो. हंगाम चालू असताना हे करू नका, मृग लागल्यावर सावकाश करा.

आणि ते केल्यावर पीएस पाहून पुन्हा दचकू नका. ह्यूज पेजेस आरएसएसमध्येही मोजली जात नाहीत आणि पीएसएसमध्येही नाहीत, मेमइन्फोच्या शेमेममध्येही नाहीत. ३,२१२ एमबीची प्रोसेस दुसऱ्या दिवशी ४० एमबीची दिसेल आणि ४ जीबी हरवल्यासारखे वाटतील. ते स्टेटसमध्ये ह्यूजटीएलबी-पेजेस या ओळीत, स्मॅप्समध्ये शेअर्ड-ह्यूजटीएलबी या ओळीत आणि मेमइन्फोमध्ये ह्यूजपेजेस-टोटल व ह्यूजपेजेस-फ्री यांच्या फरकात सापडतील.

खाडीकाठ (रत्नागिरी)

आज सकाळी पेजटेबल्सची ओळ पाहिली. २०३ एमबी आहे, त्यात इतर प्रोग्रॅमचाही थोडा वाटा असणार. नवी स्क्रिप्ट मेमअ‍ॅव्हेलेबल वाचते आणि ते २ जीबीच्या खाली गेले तर मला फक्त संदेश पाठवते; रीस्टार्टची ओळ मी काढून टाकली आहे. ह्यूज पेजेसचे काम जूनमध्ये, शेवटची हिशेबपट्टी निघाल्यावर हाती घेईन आणि आधीचे व नंतरचे आकडे इथेच नोंदवीन.